बोअरच्या पाण्याचे वय सांगणारी अणुखूण

साठ वर्षांपूर्वीच्या अणुचाचण्यांचे अवशेष पावसात मिसळले. त्यांचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजून जमिनीखालचे पाणी किती जुने आहे, हे सांगता येते. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्याला या मोजमापाचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात उन्हाळा तापू लागला की बोअर पाडणाऱ्या गाड्यांची घरघर गावोगाव ऐकू येते. विहीर आटली म्हणून दोनशे फुटांचे बोअर, ते आटले म्हणून पाचशे फुटांचे, आणि दुष्काळी वर्षात त्याहूनही खोल, असा हा क्रम आहे. पाणी लागले की प्रश्न सुटला, असे समजले जाते. परंतु लागलेले पाणी जमिनीत केव्हा उतरले, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. गेल्या दोन-चार पावसाळ्यांत मुरलेले पाणी असेल तर पुढचा पाऊस त्याची भरपाई करू शकेल. ते कित्येक दशकांपूर्वीचे असेल, तर उपसा म्हणजे शिलकीवर चालवलेला संसार होय. व्याज संपून मुद्दलाला हात कधी लागला, हे मात्र वरून कळत नाही. पाण्याला रंग नसतो, तसे वयही दिसत नाही.

ते वय जाणण्याचा एक मार्ग विज्ञानाने शोधला आहे आणि त्याची मुळे विसाव्या शतकातील अण्वस्त्र स्पर्धेत आहेत. नैसर्गिक पाण्यात मानवनिर्मित किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अत्यल्प अंश मोजण्याचे हे शास्त्र आहे.

खडकाचा स्वभाव

जिल्ह्याचा जवळजवळ सारा भाग लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. बालाघाटाच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे पाणी दोन दिशांना वाटले आहे. मांजरा आणि तेरणा या नद्यांचे पाणी गोदावरीला जाते, तर सीना आणि बोरी यांचे भीमेमार्गे कृष्णेला मिळते. सरासरी पाऊस सातशे-आठशे मिलिमीटरच्या घरात असला, तरी तो दरवर्षी त्या सरासरीने पडत नाही.

बेसाल्ट हा वाळूसारखा सच्छिद्र नाही. एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांत वरचा मुरूम, भेगाळलेला पाषाण आणि सच्छिद्र मांजऱ्या खडक यांत पाणी साठते. मधला अखंड काळा पाषाण मात्र पाण्याला फारशी वाट देत नाही. त्यामुळे उथळ विहिरीचे पाणी आणि त्याच शेतातील खोल बोअरचे पाणी एकाच साठ्याचे असेल, याची खात्री नसते. वरचा साठा एका पावसाळ्यात भरतो. खालच्या भेगांत पाणी पोहोचायला किती वर्षे लागतात, हे जागेनुसार बदलते.

केंद्र सरकारच्या भूजल अंदाज समितीने १९९७ मध्ये ठरवलेल्या निकषांत झिजलेल्या बेसाल्टमध्ये पावसाच्या साधारण सात टक्के पाणी मुरते, असे धरले आहे. सातशे मिलिमीटर पाऊस झाला तर त्यातील जेमतेम ४९ मिलिमीटर भूजलात जमा होते. वर्षाची ही मिळकत ओलांडून उपसा झाला की पातळी खाली जाते. शेजारच्या लातूर शहरावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्याची वेळ आली होती. ती संपूर्ण मराठवाड्याला मिळालेली ताकीद होती.

पावसावर उमटलेला शिक्का

पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो, हे शाळेत शिकवले जाते. हायड्रोजनचे तीन प्रकार आहेत. त्यांतील सर्वांत जड प्रकाराला ट्रिटियम म्हणतात. त्याच्या केंद्रकात एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असतात. हा प्रकार किरणोत्सारी आहे. त्याचे अर्धायुष्य १२.३२ वर्षे आहे, म्हणजे तेवढ्या काळात त्याचा निम्मा साठा विघटन पावून हेलियममध्ये रूपांतरित होतो.

ट्रिटियम निसर्गातही तयार होते. अंतराळातून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरातील नायट्रोजनवर आदळतात, तेव्हा त्याची निर्मिती होते. तथापि साऱ्या पृथ्वीवर असा नैसर्गिक साठा जेमतेम साडेतीन किलोच्या आसपास असतो. १९५२ मध्ये अमेरिकेने पहिली हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि हे गणित बदलले. पुढील दहा वर्षांत, विशेषतः १९६१ आणि १९६२ मध्ये, अमेरिका व सोव्हिएत संघाने वातावरणात केलेल्या स्फोटांनी नैसर्गिक साठ्याच्या कित्येक पट ट्रिटियम हवेत सोडले. ते बाष्पात मिसळले आणि पाऊस होऊन जगभर पडले. उत्तर गोलार्धातील पावसात त्याचे प्रमाण १९६३ मध्ये शिगेला पोहोचले.

या चाचण्या थांबवाव्यात, असे आवाहन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी एप्रिल १९५४ मध्येच केले होते. अखेर ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्को येथे वातावरण, अंतराळ आणि पाण्याखालील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. भारतानेही त्यावर स्वाक्षरी केली. त्यानंतर फ्रान्सने १९७४ पर्यंत आणि चीनने १९८० पर्यंत वातावरणातील चाचण्या सुरू ठेवल्या असल्या, तरी पावसातील ट्रिटियम घटतच गेले.

त्या काळी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी पावसातील समस्थानिकांची नोंद ठेवणारे जागतिक जाळे उभारले. त्यात मुंबई आणि नवी दिल्ली येथील पावसाचाही समावेश होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांचे सहकारी पावसातील व समुद्रातील किरणोत्सारी समस्थानिकांचा माग काढण्यात अग्रेसर होते. पुढे तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने भूजलाच्या अभ्यासासाठी या तंत्राचा देशभर वापर केला.

चाचण्यांमुळे पावसावर जणू तारखेचा शिक्का उमटला. १९५० च्या दशकाच्या आरंभी पडलेल्या पावसात नैसर्गिक ट्रिटियम थोडे होते. आजवर त्याची सहा अर्धायुष्ये उलटली आहेत, म्हणजे तेव्हाच्या प्रमाणाचा चौसष्टावा भाग उरला आहे. तो मोजण्याच्या मर्यादेखाली जातो. त्यानंतर पडलेल्या पावसाचे पाणी मात्र स्वतःची खूण बाळगून असते. म्हणून बोअरच्या पाण्यात ट्रिटियम मुळीच सापडले नाही, तर ते पाणी सत्तर-पाऊणशे वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी जमिनीत उतरले, असा निष्कर्ष निघतो.

गवताच्या गंजीतील सुईहूनही सूक्ष्म

ट्रिटियम मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी स्वतंत्र एकक ठरवले आहे. हायड्रोजनच्या एकावर अठरा शून्ये इतक्या अणूंमागे ट्रिटियमचा एक अणू, म्हणजे एक ट्रिटियम एकक. एक एकक ट्रिटियम असलेल्या एक लिटर पाण्यात साडेआठ सेकंदांत सरासरी एका अणूचे विघटन होते. किरणोत्साराच्या नेहमीच्या परिमाणात हे लिटरमागे ०.११८ बेकरेल होय.

एवढे अल्प प्रमाण मोजायचे, तर अडचण दुहेरी असते. ट्रिटियममधून निघणारे बीटा किरण इतके क्षीण असतात, की ते कातडीही भेदू शकत नाहीत. बाहेर धरलेल्या साध्या किरणमापकाला त्यांचा पत्ताच लागत नाही. म्हणून पाण्याचा नमुना एका विशिष्ट द्रावणात मिसळतात. विघटन झाले की या द्रावणात प्रकाशाचा अतिसूक्ष्म ठिपका उमटतो आणि अत्यंत संवेदनशील नलिका तो टिपते. या यंत्राला द्रव प्रस्फुरण गणक म्हणतात.

दुसरी अडचण गोंगाटाची. विश्वकिरण आणि आसपासच्या वस्तूंमधील किरणोत्सार यांमुळेही यंत्रात ठिपके नोंदले जातात. शिशाच्या जाड भिंतीआड ठेवलेल्या उत्तम यंत्रातही मिनिटाला साधारण एक खोटा ठिपका येतो, असे धरू. दहा मिलिलिटर पाण्यात एक एकक ट्रिटियम असेल तर तासाला चारच विघटने होतात आणि यंत्र त्यांतील जेमतेम चतुर्थांश टिपते. म्हणजे तासाला एक खरा ठिपका आणि साठ खोटे. दहा तास मोजले तरी खरे दहा आणि खोटे सहाशे. सहाशेच्या मोजणीत नुसत्या योगायोगाने चोवीस-पंचवीसचा चढउतार होतो. त्यात दहा खरे ठिपके बुडून जातात.

यावर उपाय म्हणजे पाणी दाट करणे. आधी नमुन्याचे ऊर्ध्वपातन करून क्षार वेगळे काढतात. नंतर सुमारे अर्धा लिटर पाण्यातून कित्येक दिवस वीजप्रवाह सोडतात. या विद्युत अपघटनात पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायूंत रूपांतर होते. हलका हायड्रोजन आधी निसटतो, जड ट्रिटियम मागे राहते. अर्ध्या लिटरचे वीसेक मिलिलिटर उरेपर्यंत ही क्रिया थंड ठेवलेल्या पात्रात चालते. ऊस गाळून, रस आटवून गूळ करावा, तसाच हा प्रकार. यातून ट्रिटियमचे प्रमाण सुमारे वीस पटींनी वाढते. आता दहा तासांत दोनशे खरे ठिपके मिळतात आणि चढउतार अठ्ठावीसच्या आसपास राहतो. उत्तर निःसंदिग्ध दिसू लागते.

तुलनेसाठी ट्रिटियम नसलेले पाणीही त्याच प्रक्रियेतून जाते. असे ‘मृत’ पाणी खोल, अतिप्राचीन भूजलसाठ्यातून मिळवावे लागते. प्रयोगशाळेतील हवेच्या बाष्पानेही नमुना बिघडू शकतो, म्हणून हवाबंद बाटल्यांना महत्त्व असते. नमुना घेताना पंप काही काळ चालवून नळीतील शिळे पाणी काढून टाकतात आणि बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करतात. एक सूचना ऐकणाऱ्याला नवल वाटावे अशी आहे. नमुना घेणाऱ्याने अंधारात चमकणाऱ्या तबकडीचे घड्याळ मनगटावर घालू नये. अशा काही घड्याळांच्या रंगात ट्रिटियम वापरलेले असते आणि त्याचा पुसटसा अंशही महिन्याभराचे श्रम वाया घालवू शकतो.

आकडा काय सांगतो?

राजस्थानातील जैसलमेर जिल्ह्याच्या पश्चिम भागात लुप्त नदीचे जुने पात्र मानल्या जाणाऱ्या पट्ट्यात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. त्या पाण्यात ट्रिटियम नगण्य होते. कार्बन-१४ च्या मोजणीतून ते काही हजार वर्षे जुने असल्याचे दिसले. आजच्या पावसाने त्याची भरपाई होत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. याउलट उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात गौचर परिसरात आटत चाललेल्या झऱ्यांचे पाणी डोंगरावर नेमके कोठे मुरते, हे याच केंद्राने पाण्यातील समस्थानिकांवरून शोधले. तेथे पाणी अडवण्याची कामे झाल्यावर झऱ्यांचा प्रवाह वाढला. एकीकडे पाणी जपून वापरण्याचा, तर दुसरीकडे ते योग्य जागी मुरवण्याचा निर्णय या मोजणीने सुचवला.

बेसाल्टच्या प्रदेशात ट्रिटियमचा आणखी एक उपयोग झाला आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत रा. ना. आठवले आणि आर. रंगराजन यांच्या गटाने जमिनीत पाणी किती मुरते, हे थेट मोजले. पावसाळ्याआधी शेतात दोन-अडीच फूट खोलीवर अल्पसे ट्रिटियमयुक्त पाणी सोडायचे. पावसाळा संपल्यावर त्याच जागी मातीचा उभा नमुना काढून ती खूण किती खाली सरकली, हे पाहायचे. खूण जेवढी खाली, तेवढे नवे पाणी वरून आले. पुणे जिल्ह्यातील कुकडी खोरे आणि गोदावरी-पूर्णा खोरे येथे अशी मोजणी झाली. देशभरातील त्यांच्या निष्कर्षांचे संकलन २००० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पाऊस व मुरणारे पाणी यांचा खडकानुसार संबंध त्यातून मांडता आला.

धाराशिवच्या काळ्या जमिनीत मात्र सावधगिरी हवी. उन्हाळ्यात या मातीला हात-हात खोल भेगा पडतात. पहिल्या पावसाचे काही पाणी त्यांतून सरळ खाली उतरते, मातीच्या थरांतून झिरपत जात नाही. म्हणून एका खुणेवरून साऱ्या शिवाराचा हिशेब मांडता येत नाही.

बोअरच्या पाण्याबाबतही तसेच आहे. वरचे काही फूट सोडले तर बोअरला आवरणनळी नसते. त्यामुळे निरनिराळ्या खोलीच्या भेगांतील नवे-जुने पाणी त्यात एकत्र येते. थोडे ट्रिटियम आढळले म्हणजे सारे पाणी चाळीस वर्षांचे आहे, असे म्हणता येत नाही. ते निम्मे गेल्या वर्षीचे आणि निम्मे शंभर वर्षांपूर्वीचेही असू शकते. यासाठी एकाच शिवारातील उथळ विहीर आणि खोल बोअर या दोहोंचे नमुने, मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळ्यानंतर, घेणे उपयुक्त ठरते. पावसाळ्यानंतर खोल पाण्यातील ट्रिटियम वाढले तर नवे पाणी खाली पोहोचते आहे. दोन्ही वेळा शून्याजवळ राहिले तर तो साठा भरणारा नाही, असे समजावे.

सिझियम, स्ट्रॉन्शियम आणि धरणातील गाळ

अणुस्फोटांतून ट्रिटियमखेरीज सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० ही मूलद्रव्येही जगभर पसरली. दोहोंची अर्धायुष्ये तीस वर्षांच्या आसपास आहेत. सिझियम चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटते, म्हणून नदी-तलावाच्या पाण्यात ते फारसे विरघळलेले राहत नाही. समुद्राच्या खारट पाण्यात मात्र ते विरघळलेल्या स्वरूपात टिकते. तेथे त्याचे प्रमाण हजार लिटरमागे एखाद्या बेकरेलच्या आसपास असते. ते मोजण्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने कॉपर फेरोसायनाइड लावलेल्या गाळण्या वापरल्या. शेकडो लिटर समुद्राचे पाणी त्यांतून सोडले की सिझियम गाळणीत अडकते आणि गाळणी गॅमा किरणमापकाखाली ठेवून मोजता येते. तारापूरसारख्या अणुवीज केंद्रांजवळच्या पर्यावरण प्रयोगशाळा समुद्राचे पाणी, मासे आणि गाळ यांची नियमित तपासणी करतात.

सिझियमचा मातीला चिकटण्याचा हा गुण गाळाचा हिशेब मांडायला उपयोगी पडतो. १९६३ पूर्वी बांधलेल्या तलावाच्या तळातून गाळाचा उभा नमुना काढला तर एका थरात सिझियम सर्वाधिक आढळते. तो थर १९६३ च्या सुमाराचा. त्याच्यावर जेवढा गाळ, तेवढा गेल्या सहा दशकांत साचलेला. धरणातील गाळ काढून शेतात टाकण्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना राज्यात २०१७ पासून राबवली गेली. तलाव किती वेगाने भरतो आहे, हे ठाऊक असेल तर असा खर्च कोठे आधी करावा, हे ठरवणे सोपे जाते.

भीती बाळगावी का?

पाण्यात किरणोत्सारी द्रव्य म्हटल्यावर वाचकाच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील ट्रिटियमसाठी लिटरमागे दहा हजार बेकरेल ही मार्गदर्शक पातळी सांगितली आहे. पाच एकक ट्रिटियम असलेल्या पाण्यात हे प्रमाण जेमतेम ०.६ बेकरेल, म्हणजे त्या पातळीचा सुमारे सतरा हजारावा भाग असते. प्रौढ माणसाच्या स्वतःच्या शरीरात नैसर्गिक पोटॅशियममुळे दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास विघटने होत असतात. सिझियम-१३७ साठीची मार्गदर्शक पातळी लिटरमागे दहा बेकरेल आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (२०१२) एकूण अल्फा किरणोत्सारासाठी ०.१ आणि एकूण बीटा किरणोत्सारासाठी १ बेकरेल प्रतिलिटर अशा मर्यादा आहेत.

मोजता येणे आणि अपायकारक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोजण्याचे तंत्र एवढे सूक्ष्म झाले आहे, की कोणत्याही पाण्यात काही ना काही सापडतेच. म्हणून ‘सापडले’ या शब्दापाशी न थांबता ‘किती सापडले’ हे विचारणे नागरिकांच्या हिताचे आहे. जपानने फुकुशिमा येथील प्रक्रिया केलेले पाणी ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडण्यास सुरुवात केली, तेव्हा जगभर झालेल्या वादातही हाच प्रश्न केंद्रस्थानी होता. तेथे ट्रिटियमची मर्यादा लिटरमागे पंधराशे बेकरेल ठेवण्यात आली.

मावळती खूण

ट्रिटियमचे हे घड्याळ आता क्षीण होत आहे. १९६३ पासून पाच अर्धायुष्ये उलटून गेली. त्या वर्षी जमिनीत उतरलेल्या पाण्यात तेव्हाच्या प्रमाणाचा बत्तिसावा भाग उरला आहे. आजच्या पावसातील ट्रिटियम पुन्हा नैसर्गिक पातळीजवळ आले आहे. त्यामुळे ‘जुने की नवे’ हे अजून सांगता येते, परंतु नेमके वर्ष सांगणे अवघड होत आहे.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला मार्ग कल्पक आहे. ट्रिटियमच्या विघटनातून हेलियम-३ तयार होते. पाणी भूगर्भात बंदिस्त असेल तर ते तेथेच साचते. उरलेले ट्रिटियम आणि तयार झालेले हेलियम यांचे गुणोत्तर काढले की पाणी किती वर्षांपूर्वी जमिनीत गेले, हे कळते. त्याखेरीज क्रिप्टॉन-८५ सारख्या वायूचे एकेक अणू मोजण्याची तंत्रेही विकसित झाली आहेत. ती खर्चिक आहेत आणि मोजक्याच प्रयोगशाळांत उपलब्ध आहेत.

महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट, आणि त्याहून खोल विहिरींना ‘खोल विहीर’ म्हटले असून शेती व उद्योगासाठी त्या खोदण्यावर निर्बंध घातले आहेत. खालचा साठा सहज भरून येत नाही, हे त्यामागील सूत्र. प्रत्यक्षात पाचशे-सातशे फुटांची बोअर सर्रास पाडली जातात, कारण आपण कोणाच्या वाट्याचे पाणी उपसतो आहोत, हे कोणालाच दिसत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पाणी किती उरले, हे त्यातून कळते. ते पुन्हा येणारे आहे की नाही, हे त्याचे वय सांगते. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडताना या दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी असतील, तर उसाला पाणी द्यावे की ज्वारी-हरभऱ्यावर भागवावे, नवे बोअर पाडावे की जुन्या विहिरीचे पुनर्भरण करावे, हे पाणाड्याच्या नारळावर सोडण्याची गरज उरणार नाही.